गोपाळरावांचा खिशातला कॉम्प्युटर

पवनी,
८ फेब्रुवारी १९८७

प्रिय आजी,

जय भीम. हे पत्र शेजारच्या सुभद्राताई तुला वाचून दाखवतील, म्हणून त्यांनाही जय भीम. ताई, एक विनंती : बाबा घरात नसताना वाचा.

आजी, कालव्याच्या मोजणीवरची माझी नोकरी तीन महिन्यांची, हे तुला माहीत आहे. दहा मार्चला मोठे साहेब कॅम्पवर येणार. आम्हा चार नवशिक्यांपैकी दोघांना पक्कं करून साइटवर ठेवणार, बाकी दोघांना घरी पाठवणार. बाबा मला बसमध्ये बसवताना काय म्हणाले ते तू ऐकलंसच : "पक्की झाली तर ठीक. नाहीतर कळमेश्वरचे पाहुणे तयार आहेत." त्या पाहुण्यांवर माझा राग नाही. मला कालवा हवा आहे, एवढंच.

प्रत्येकाला सहा-सहा किलोमीटरचा तुकडा दिला आहे. दुर्बिणीतून उंच पट्टीवरचे आकडे वाचायचे, त्यावरून जमीन कुठे किती उंच ते काढायचं, आणि मग कालव्यासाठी किती माती खणावी लागेल ते सांगायचं. माझं वाचून झालं. वहीत आकड्यांच्या नऊशे ओळी आहेत. आता त्यांचं गणित. बाकी तिघांत मिळून एक कॅल्क्युलेटर आहे, तो त्यांच्यातल्या रुपरावांच्या पिशवीत राहतो. मागितला की म्हणतात, "मॅडम, सेल संपतील." मी हातानं करते आहे. कालपर्यंत एकशे दहा ओळी झाल्या होत्या. मग एक चूक सापडली आणि त्यातल्या चाळीस पुन्हा केल्या.

परवा एक म्हातारे इंजिनियर पाहणीला आले होते. माझी बोटं शाईनं माखलेली बघून त्यांनी एक गोष्ट सांगितली. एक जपानी कॉम्प्युटर निघाला होता, खिशात मावणारा. त्याला एकदा रीत शिकवून ठेवली की आपण नुसते आकडे द्यायचे, उत्तर तो देतो. म्हणाले, "आता नवा मिळायचा नाही, कंपनीनं बनवणंच बंद केलं. माझ्या माहितीत नागपुरात एकाकडेच आहे. रस्त्याच्या कामावरचे निवृत्त ओव्हरसियर गोपाळराव. लकडगंजात लाकूड कापायच्या एका आरागिरणीवर बसतात. विकायचा म्हणत होते."

आजी, लकडगंज! तुझ्यापेक्षा लकडगंज कुणाला ठाऊक आहे? जाशील?

तुझी,
प्रेमिला


नंदनवन, नागपूर
१४ फेब्रुवारी १९८७

प्रेमिले,

जय भीम. सुभद्रेच्या हातानं तुझी आजी बोलून राहिली. ही मास्तरीण माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून लिहिते. मी 'काहून' म्हटलं की तिच्या पेनातून 'का' निघते. आज तिले ताकीद दिली आहे : जसं येईल तसं लिही, मधात शाळा भरवू नको.

(सुभद्रा : लिहिते आहे. पण 'मधात' नव्हे, 'मध्ये'.)

पाहिलंस? असो. मी गेली लकडगंजात. दीक्षेच्या वर्षापासून तीस वर्षं तिथल्या लाकडाच्या टालींवर फळ्या वाहिल्या मी, तिथले कुत्रेसुद्धा मले पाहून उठून उभे राहतात. गोपाळराव आरागिरणीच्या दारात स्टुलावर बसले होते. टोपी, जाड भिंगाचा चष्मा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. म्हणाले,

"काय पाहिजे बाई? जळाऊ लाकूड मागच्या अंगानं."

"लाकूड नको. कॉम्प्युटर पाहिजे."

त्यांनी माझ्या लुगड्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "कोणासाठी?"

"माझ्यासाठी. वांग्याच्या भाजीत टाकतो."

तेव्हा हसले. मग मी तुझं सांगितलं. मोजणीवरची पोरगी म्हटल्यावर सरळ बसले, आणि आतून फडक्यात गुंडाळलेली वस्तू आणली. पोरी, मले वाटलं होतं कपाटाएवढं काही असेल, हमाल करावा लागेल. हे तर चष्म्याच्या डबीपेक्षा थोडं लांब! वर मसुरीच्या दाण्याएवढी बटणं, आणि एक बारीक खिडकी. त्यांनी बटण दाबलं तशी त्या खिडकीतून मुंग्यांची रांग निघाली. इंग्रजी अक्षरं म्हणे.

"याले मराठी येते का?" मी विचारलं.

"नाही येत."

"मले इंग्रजी नाही येत. मराठीही बोलण्यापुरतीच. दोघं अंगठेबहाद्दर, जमते आमचं."

पण गडी विकायले तयार होईना! म्हणे, "दोघं येऊन गेले. एकाले शिकवणीच्या दुकानात काचेत ठेवायचा होता, दुसऱ्याले पोराच्या खेळण्यासाठी. मी नाही दिला. ही चीज आता दुनियेत बनत नाही, रंभाबाई. काम करणाऱ्याच्याच हाती जाईल." आणि मले दाखवायले म्हणून बाहेर पडलेल्या एका सागाच्या ओंडक्याकडे नेलं. टेप लावला, चष्मा टेपाले चिकटवला. लांबी बारा फूट, घेर सेहेचाळीस इंच. टकटक बटणं दाबली. "पाहा, अकरा घनफूट! पलक झपकायच्या आत."

मी म्हटलं, "बारा."

"काय बारा?"

"ओंडका बारा भरते."

"रंभाबाई, यंत्र चुकत नाही."

मी कमरेची दोरी काढली. टालीवर आम्ही असंच मोजत होतो : दोरी ओंडक्याभोवती फिरवायची, तिच्या चार घड्या करायच्या, त्यातली एक घडी म्हणजे एक बाजू. घडी माझी एक वीत आणि वर चार बोटं भरली. म्हणजे एक फूट. फूटभर रुंद, फूटभर जाड, बारा फूट लांब. याले कॉम्प्युटर कायले लागते? मी म्हटलं, "यंत्र नाही चुकलं भाऊ. तुम्ही त्याले काय सांगितलं ते पाहा."

आरागिरणीवरच्या एका माणसाले हाक मारून पुन्हा टेप लावला. अठ्ठेचाळीस इंच निघाले. गोपाळरावांनी टेप गुंडाळला. तो माणूस गेल्यावर हळूच म्हणाले, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. या खिडकीतले आकडे मले आता धुक्यात दिसतात, म्हणून विकून राहिलो. मालकाले सांगू नका, इथलं मोजमापाचं काम जाईल."

मी कोणाले सांगते? तुले सांगितलं आणि सुभद्रेनं ऐकलं, बस.

मग सौदा झाला. भाव किती ठरला ते विचारायचं नाही, तेवढ्या वेळ मी सुभद्रेलेही खोलीबाहेर उभं करणार होती. पण त्यांनी एक गोष्ट सांगितली ती नीट ऐक : "आत माझं सगळं आहे. जमिनीच्या उंचीची रीत, मातीची रीत. दोन वर्षं बसून शिकवलं त्याले. तुमच्या नातीनं फक्त आकडे द्यायचे." गुरुवारी घेऊन जा म्हणाले. तोवर चार दिवस त्यांना त्याच्यावर हात फिरवायचा आहे. मी म्हटलं फिरवा. पोरगी सासरी पाठवतानाही एवढा वेळ मागतातच लोक.

तुझी आजी,
रंभाबाई
(अंगठा नाही लावला. सुभद्रा म्हणते शाई कागदभर पसरते.)


पवनी,
१७ फेब्रुवारी १९८७

आजी, आजी, आजी!

तुझं पत्र हातात घेऊन मी तंबूभोवती दोन चकरा मारल्या. रुपराव विचारत होते, काय झालं मॅडम, साप निघाला का? मी म्हटलं, त्याहून भारी!

दोन्ही रीती आत तयार आहेत म्हणजे निम्मी लढाई जिंकली. नऊशे ओळी मी चार दिवसांत उडवीन. हाताचं काम आजपासून बंद करते, नाहीतरी त्यात चुकाच फार निघत होत्या. आता फक्त तो धडधाकट इथे पोचला पाहिजे. टपालानं नको पाठवू, ठोकाठोकीत फुटेल. नानाजी कंडक्टरची पवनीची फेरी असते ना? त्यांच्याकडे दे. पाण्यापासून जप, धक्क्यापासून जप.

दोरीची गोष्ट मी इथे सगळ्यांना सांगितली.

तुझी,
प्रेमिला


नंदनवन,
२० फेब्रुवारी १९८७

प्रेमिले,

हे पत्र आणि तुझा कॉम्प्युटर दोघं एकाच पिशवीत येऊन राहिले. नानाजीले बजावलं आहे, पिशवी मांडीवरून खाली ठेवायची नाही, तिकीट फाडायचं असेल तरी एका हातानं फाड. तो म्हणे, "मावशी, आत बाळ आहे का?" म्हटलं, बाळच समज, फक्त रडत नाही.

काल गोपाळरावांनी दिला तेव्हा फडकं बदललं होतं. नवं, पांढरं. देताना दोनदा हात मागे घेतला त्यांनी. म्हटलं, "भाऊ, रडायचं असेल तर रडून घ्या, मी तिकडे तोंड करते." तेव्हा सोडला.

आता तुझी आजी किती हुशार ते ऐक. आपण टॉर्च ठेवताना सेल काढून ठेवतो की नाही? नाहीतर सेलाले पाणी सुटते आणि आतली पट्टी सडते. तुझ्या आजोबांची टॉर्च तशीच गेली. म्हणून मी घरी आणून सगळ्यात आधी मागचं झाकण उघडलं. आत चार चपटे सेल होते, घड्याळाचे असतात तसे, जरा मोठे. चारही काढले, कोरड्या फडक्यात बांधले, गाठ मारली. कॉम्प्युटर वेगळ्या डब्यात, खाली-वर शेव भरून. शेव धक्का खाते आणि नंतर ती तुम्ही खा. घरात कोणाले हे सुचलं नसतं. सुभद्रा मास्तरीण आहे, तिलेही नाही सुचलं.

(सुभद्रा : खरं आहे. नाही सुचलं.)

पोचल्याचं लगेच कळव. तुझा बाप रोज कॅलेंडरकडे पाहते आणि माझ्याकडे पाहते. मी दोघांकडेही पाहत नाही.

तुझी आजी


पवनी,
२२ फेब्रुवारी १९८७

प्रिय आजी,

नानाजींनी पार्सल छान पोचवलं. शेव संपलीसुद्धा, रुपरावांनी सगळ्यात जास्त खाल्ली. कॉम्प्युटर छान आहे. तुझ्या गाठीतले सेल घातले, लगेच सुरू झाला. खिडकीत एक बारीक खूण लुकलुकते, बघायला छान वाटतं. काम छान चाललं आहे. तू काळजी करू नकोस.

जाता जाता एक : गोपाळरावांनी त्या रीती कुठे कागदावर उतरवून ठेवल्या आहेत का? घाई नाही. सहज विचारते आहे.

बाबांना नमस्कार.

तुझी,
प्रेमिला


नंदनवन,
२६ फेब्रुवारी १९८७

प्रेमिले,

तुझं पत्र मी सुभद्रेकडून तीनदा वाचून घेतलं. एवढ्याशा पत्रात चार वेळा 'छान' आहे. तू आनंदात असलीस की दुनियेले नावं ठेवत सुटतेस, छान म्हणत नाहीस. आणि 'घाई नाही' हे तू पाळण्यात असल्यापासून म्हटलेलं मी ऐकलं नाही. ज्यांना वाचता येते ते अक्षरं पाहतात. मले नुसतं ऐकू येते, म्हणून लबाडी लवकर पकडते.

मी उठली आणि सरळ लकडगंजात गेली. गोपाळराव चहा पिऊन राहिले होते. म्हटलं, भाऊ, कॉम्प्युटर पोचला. सेल वेगळे काढून, गाठ मारून पाठवले होते, काही भिजलं नाही. त्यांचा कप हातातच राहिला.

"सेल काढले?"

"काढले."

"चारही?"

"चारही. काहून?"

"रंभाबाई, सेल काढले की तो सगळं विसरते."

"टॉर्च तर विसरत नाही."

"टॉर्चले काय आठवायचं असते?"

मी तिथंच फळ्यांवर बसली. पोरी, तीस वर्षांत माझ्या डोक्यावरून एक फळी कधी खाली पडली नाही. आणि हे चार बटणाएवढे सेल! एका माणसाची दोन वर्षं आणि तुझा कालवा, दोन्ही मी गाठ मारून पाठवलं. आणि वर माझ्या हुशारीचं पत्र लिहिलं, सुभद्रेले टोमणा मारून. तुले राग आला असेल, आणि तू गिळला. माझ्यासाठी गिळला. असं करत जाऊ नको. मोठ्या अक्षरात रागावत जा, सुभद्रेले आवाज चढवून वाचायले शिकवीन.

"कागदावर कुठं असेल?" मी विचारलं. ते म्हणाले, "कागद कायले ठेवू? तोच माझा कागद होता." मग म्हणाले, डोक्यात आहे, लिहून देतो. वही मांडीवर घेतली. लिहिलं, लिहिलं, अर्धं पान भरलं. मी तर वाचू शकत नाही, पण एवढं मलेही दिसलं की ओळीवर ओळ चढली आहे. एक खाली उतरली, दुसरी तिच्या डोक्यावर बसली. आरागिरणीवरच्या एकाले वाचायले सांगितलं तर तो म्हणे, "साहेब, हे तर जाळं झालं." गोपाळरावांनी पेन बंद केलं. तीन पेनं खिशात ठेवणारा माणूस, प्रेमिला. तसा चेहरा मी मयतीत पाहिला होता.

मी म्हटलं, "गोपाळराव, आजपर्यंत तुम्ही लिहिणाऱ्यांच्या पंगतीत होते. आता सांगणाऱ्यांच्या पंगतीत या. इथं मी जुनी आहे, जागा करून देते."

सुभद्रेनं दोन दिवसांची रजा टाकली. शाळेत काय कारण लिहिलं ते ती सांगत नाही.

(सुभद्रा : 'घरगुती अडचण' लिहिलं.)

तीन स्टुलं घेऊन आम्ही गिरणीमागं बसलो. पण त्या माणसाले सांगताच येईना! एक शब्द बोलले की हात हवेत लिहायले धावते आणि पुढचं तोंडातल्या तोंडात राहते. म्हटलं, असं नाही होत. सांगायची पण रीत असते. हात मांडीखाली दाबा. डोळे मिटा. एक ओळ पूर्ण बोला आणि थांबा. सुभद्रा लिहील, मग मोठ्यानं वाचेल. ते ऐका, मगच पुढची. लिहिणारा नेहमी घाईत असते, त्याले वाटते आपल्याले समजलं. माझ्या पत्रातून या मास्तरणीनं किती 'मधात' खाल्ले ते मलेच माहीत.

तसं सुरू झालं. त्यांच्या रीतीच्या प्रत्येक ओळीले नंबर असते, दहा, वीस, तीस असे. मले त्यातलं काही समजत नव्हतं, पण दहा-वीस-तीस समजते. एकदा सुभद्रेनं साठ वाचली आणि पुढं ऐंशी. मी म्हटलं, "सत्तर कुठं गेले?" ती म्हणे, "इथेच असतील." गोपाळरावांनी डोळे उघडले. सत्तर सुटलीच होती! म्हणाले, "ती सुटली असती तर अख्खी रीत आंधळी झाली असती." मग तर मी पहारेकऱ्यासारखी बसली. दोन दिवसांत तीन ठिकाणी पकडलं. शेवटी शेवटी गोपाळराव असे रंगात आले की बाजूला लाकूड घ्यायले आलेले लोक उभे राहून ऐकत होते. एक जण म्हणे, "पोथी लावली का?"

अकरा कागद सोबत आहेत. नानाजीच्या मांडीवर आहेत. आज बारा दिवस उरले तुले. लाग कामाले.

तुझी आजी

(सुभद्रा : प्रेमिला, हे आजींनी सांगितलेलं नाही. त्या दोन्ही दिवस जेवल्या नव्हत्या. तुझं पत्र आलं की मी लगेच वाचून दाखवीन, शाळेत असले तरी.)


पवनी,
११ मार्च १९८७

आजी!

आधी बातमी, मग बाकी. झाले! पक्की झाले! पहिलं नाव माझं वाचलं!

आता सगळं खरं सांगते. मी सेल घातले, कॉम्प्युटर सुरू झाला आणि आत काहीच नव्हतं. खिडकी रिकामी. मी तुझ्यावर खूप रागावले. तुझं ते टॉर्चचं पत्र फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही, कारण त्यात शेवेचं लिहिलं होतं आणि शेव तोंडात होती. मग 'छान'वालं पत्र लिहिलं. तुला असं पकडता येतं हे मला माहीत हवं होतं.

अकरा कागद आले त्या दिवशी मी वहीला हात लावला नाही, दिवसभर नुसती बटणं दाबली. रीत बसली. पहिले शंभर आकडे दिले, उत्तरं भराभर यायला लागली, मी ओरडलेच. मग नीट पाहिलं तर माझा कालवा पवनीपासून टेकडीवर चढत चालला होता! पाणी चढावर! रुपराव म्हणाले, "मॅडम, यात होड्या नाही, उडती विमानं सोडावी लागतील."

दोन दिवस मी त्या कागदांवर बसले. एकेक ओळ स्वतःच्या हातानं सोडवून पाहिली. जिथे दुर्बीण एका जागेवरून उचलून दुसरीकडे मांडतात, तिथला शेवटचा आकडा गोपाळरावांच्या रीतीत मिळवला जात होता. तो वजा करायला हवा होता. एकशेचाळीस नंबरची ओळ. ताईंनी बरोबर लिहिलं, तू बरोबर ऐकलंस, सांगतानाच ती तशी सांगितली गेली होती. त्यांना सांग, पण हळू सांग. मी ती ओळ बदलली, आणि आजी, पाणी उतरायला लागलं! तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा कॉम्प्युटर माझा झाला.

मग नऊशे ओळी पाच दिवसांत. आमच्यात एक कसोटी असते : ज्या दगडापासून मोजायला निघालो, फिरून त्याच दगडावर यायचं. गणित खरं असेल तर त्याची उंची निघतानाएवढीच यायला हवी. चाळीस मिलिमीटरपर्यंत फरक चालतो. माझा आला चार. मुगाच्या दाण्याएवढा! बारा किलोमीटरच्या फेरीत!

मोठ्या साहेबांनी वही उलटीसुलटी केली. शेवटच्या पानावर 'गणना कोणी केली' असा रकाना असतो. मी माझं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं : रीत, गोपाळराव, निवृत्त ओव्हरसियर. लेखन, सुभद्राताई. तपासणी, रंभाबाई गजभिये.

साहेबांनी चष्मा वर केला. "या तपासणीच्या रंभाबाई कुठल्या कॉलेजच्या?"

मी म्हटलं, "लकडगंज, सर."

"तिथे कॉलेज कधी निघालं?"

तंबूत सगळे हसले, साहेबही. मग मी सगळं सांगितलं, सेलांसकट. त्यांनी ते पान तसंच ठेवलं. सही केली.

सोमवारपासून पुढचा तुकडा माझ्याकडे. दुर्बीण माझी, माणसं माझ्या हाताखाली! फक्त एक अडचण आहे. उंच पट्टी धरून समोर उभा राहणारा आमचा लहानू गहू काढायला गावी गेला, आठवडाभर येणार नाही. बाकीच्यांनी धरली की ती डुलते आणि माझे आकडे बिघडतात. माणूस शोधते आहे.

बाबांना तू सांग. तुझ्या पद्धतीनं.

तुझी,
प्रेमिला


नंदनवन,
१४ मार्च १९८७

प्रेमिले,

सुभद्रेनं खरंच शाळेतून येऊन वाचलं. 'पक्की झाले' वाचलं आणि ती पुढं वाचेचना, रडत बसली. मी म्हटलं, मास्तरीणबाई, रडणं नंतर, आधी खालची ओळ.

तुझ्या बापाले मी सांगितलं नाही. सुभद्रेले म्हटलं, त्याच्यासमोर तेवढं पत्र पुन्हा वाच, जसं आत्ताच आलं. धोंडबा उभ्याउभ्या ऐकून राहिला. मग चपला घातल्या आणि बाहेर गेला. मले वाटलं कळमेश्वरले गेला. थोड्या वेळानं पानठेल्यावरून आवाज आला, "चार मिलिमीटर! मुगाचा दाणा!" त्याले मिलिमीटर काय असते ते माहीत नाही. सगळ्या नंदनवनाले समजावून आला. पाहुण्यांना म्हणे तो स्वतःच सांगणार, पोरीले वेळ नाही म्हणून.

गोपाळरावांना एकशेचाळीस नंबरच्या ओळीचं मी हळूच सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ती ओळ पुन्हा म्हणून पाहिली. मग मांडीवर थाप मारली. "पकडलं पोरीनं! चार वर्षं झाली रस्ता सोडून, मी उलटा चालून राहिलो होतो!" एवढे खूश झाले की मलेच चहा पाजला. पुढच्या महिन्यात डोळ्याचं ऑपरेशन करतो म्हणाले. इतके दिवस मालकाले कळेल म्हणून भीत होते, आता स्वतःच जाऊन सांगून आले. आता तुझ्या वहीतलं ते पान त्यांना पाहायचं आहे, स्वतःच्या डोळ्यानं.

मलेही पाहायचं आहे. माझं नाव सरकारच्या कागदावर आजवर दोनदा आलं, रेशनकार्डात आणि मतदारयादीत. दोन्हीकडे वय चुकलं, एकात तर मी धोंडबापेक्षा लहान आहे. तुझ्या साहेबाच्या कागदावर वय नाही ना लिहिलं? मग तो पहिला कागद खरा. बोट ठेवून दाखव मले, माझं नाव कोणतं ते. लांब दिसते की आखूड, ते पाहीन.

सोमवारी सकाळी नानाजीच्या गाडीनं येऊन राहिली मी. कपडे आठ दिवसांचे घेतले. तुझ्या साहेबाले सांग, पट्टी धरायले माणूस मिळाला. डोक्यावर सागाच्या फळ्या घेऊन तीस वर्षं लकडगंजाच्या गर्दीतून चालली मी, एक डुलू दिली नाही. ही तर हातात धरायची आहे. तू दूर उभी राहून दुर्बिणीतून पाहा, आणि आकडा वाचून झाला की हात वर कर. तोवर मी हलणार नाही.

तुझी आजी,
रंभाबाई

(सुभद्रा : मी पण येते. रजेचं कारण अजून ठरलेलं नाही.)